वणवा लागला नाही, हे दाखवायचं कसं? पाचगावच्या गोष्टीचं चिकित्सक वाचन



गेल्या महिन्यात पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका मुलीनं तिचा संशोधन आराखडा मला वाचायला पाठवला. पहिल्याच पानावर एक वाक्य होतं : ग्रामसभेच्या ताब्यात जंगल आलं आणि वणवे थांबले, झाडं वाढली, वन्यजीव परतले. एका वाक्यात तीन दावे. तिन्हींना मिळून आधार एकच, वर्तमानपत्रात आलेली एक यशोगाथा. मी तिला हसले नाही. माझ्या पहिल्या आराखड्यात जवळपास हेच वाक्य होतं, आणि त्यावर माझी जी उलटतपासणी झाली ती मी अजून विसरलेले नाही.

म्हणून आज अशीच एक गोष्ट घेऊन ती नीट वाचूया. मुद्दाम मला आवडणारी गोष्ट घेतली आहे. नावडत्या गोष्टीत चुका काढणं सोपं असतं. आवडत्या गोष्टीत नेमकं काय सिद्ध झालंय आणि काय आपण मनानं भरतोय, हे वेगळं करता आलं तर तुमची अर्धी तयारी झाली असं समजा.

गोष्ट काय आहे?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं छोटं गाव आहे, बहुतेक वस्ती गोंड आदिवासींची. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली जून 2012 मध्ये या गावाला सुमारे 1000 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेनं बसून स्वतःचे नियम केले. बांबू तोडायचा कसा, विकायचा कसा, मजुरी कशी द्यायची, जंगलात काय चालणार नाही, सगळं ठरवलं. चांगल्या जंगलातला 34 हेक्टरचा तुकडा आपल्या देवाच्या नावानं राखून ठेवला. आणि एक निर्णय असा घेतला की तेंदूपत्ता तोडायचाच नाही. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं : पानांसाठी झुडपं छाटावी लागतात, आगी लावल्या जातात, आणि तेंदूची फळं माणसाला आणि पाखरांना मिळत नाहीत.

माधव गाडगीळांनी या गावाबद्दल अनेकदा लिहिलं, त्यामुळे पाचगाव महाराष्ट्राबाहेरही पोचलं. पुढे बातम्या आल्या, अहवालांत चौकटी आल्या. आता तर 'लोकसहभाग आणि वनसंवर्धन' असा विषय निघाला की मेंढा-लेखा, पाचगाव, मेळघाटच्या पायथ्याचं पायविहीर ही तीन नावं पाठ केल्यासारखी येतात.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. पाचगावची गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना बांबूचे रुपये पुढे येतात आणि तेंदूचा निर्णय एखाद्या गमतीदार किश्श्यासारखा मागे राहतो. खरं तर वणव्याच्या संशोधकासाठी या गोष्टीतली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे. आणि तीच ओळ अजून तपासायची बाकी आहे.

तेंदूचा निर्णय महत्त्वाचा का?

आपल्याकडची कोरडी पानझडी जंगलं फेब्रुवारीपासून पानं टाकतात. जमिनीवर वाळक्या पाल्याचा थर जमतो. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम मानतो. या काळात वीज पडून लागलेली आग अपवादानंच. आग लावतो माणूस, आणि बहुतेक वेळा त्यामागे साधं, घरगुती कारण असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, ती पाल्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूच्या झुडपांना मे महिन्यात कोवळी, मोठी पानं यावीत म्हणून आधी खालचं जंगल जाळतात. पावसाळ्यात गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणूनही जाळतात. ती आग झाडाखाली थांबत नाही, हा पुढचा भाग.

आता तेंदूचा हिशेब बघा. झुडपांची छाटणी करायला मजूर लागतात, पैसे लागतात. काडी ओढायला काहीच लागत नाही. पान चांगलं आलं तर फायदा तोडणाऱ्याला आणि ठेकेदाराला. नुकसान मात्र सगळ्या जंगलाचं : साग-ऐनाची वर्षा-दोन वर्षांची रोपं, जमिनीवरची घरटी, सरडे-पाली, पोकळ झालेली जुनी झाडं. फायदा थोड्यांना आणि लगेच, तोटा सगळ्यांना आणि हळूहळू. अशा ठिकाणी तुम्ही कितीही जाळरेषा मारा, कितीही अंगारी नेमा, आग लावण्याचं कारण तसंच राहतं.

पाचगावनं आग विझवण्याची व्यवस्था सुधारली एवढंच नाही, तर आग लावण्याचं एक कारणच काढून टाकलं. संशोधनाच्या भाषेत याला यंत्रणा म्हणतात : अमुक केल्यानं तमुक का घडलं, याची मधली कडी. यशोगाथेत यंत्रणा सापडणं दुर्मीळ असतं. बहुतेक ठिकाणी फक्त 'जागृती झाली' असं लिहिलेलं असतं, आणि जागृती मोजता येत नाही. तेंदू बंद केला का, कधी केला, किती घरांचं किती उत्पन्न गेलं, हे मोजता येतं.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण : कशाच्या तुलनेत? इथे माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी मी पूर्व विदर्भातल्या काही वनहक्क गावांचा एक तक्ता केला होता. उपग्रहानं टिपलेले आगीचे ठिपके, 2012 च्या हंगामातले आणि 2014 च्या हंगामातले. हक्क मिळण्याआधी आणि मिळाल्यानंतर. ठिपके कमी झालेले दिसत होते. मी खूश. सादरीकरणात समोरच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "2014 च्या मार्चमध्ये पाऊस किती झाला होता?"

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडची. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मी डोळ्यांनी बघितली आहे. काढणीला आलेला गहू आडवा झाला होता. विदर्भ-मराठवाड्यात मोठ्या भागावर तो अवकाळी पाऊस झाला. ओला पाला पेटत नाही, हे कळायला पीएचडी लागत नाही. आणि तरी मी ते वर्ष 'नंतरचं वर्ष' म्हणून बिनधास्त घेतलं होतं. माझ्या गावांच्या पावसाच्या नोंदी मी उघडूनही बघितल्या नव्हत्या. जे श्रेय मी ग्रामसभेला देत होते, त्यातलं किती पावसाचं होतं हे मला सांगता आलं नाही.

म्हणून दोन वर्षांची तुलना म्हणजे पुरावा नव्हे. आधीची निदान काही वर्षं, नंतरची काही वर्षं, आणि त्याच काळातली शेजारची, तशाच जंगलाची पण हक्क न मिळालेली गावं. पाऊस दोघांवरही पडतो. फरक उरला तर त्यावर बोलता येतं.

दुसरी अडचण : ठिपका म्हणजे काय? भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना देतं. मोडिस या संवेदकाचा एक चौकोन सुमारे 1 किलोमीटरचा, नंतरच्या व्हीआयआयआरएसचा 375 मीटरचा. आता आमच्याकडचा एप्रिल आठवा. पऱ्हाटी उपटून ढीग पेटवलेले असतात, धुऱ्यावरचं गवत जाळलेलं असतं. मी सुट्टीत घरी असताना काकांना म्हटलं, "तुमचा धुरा माझ्या नकाशावर येतो." ते म्हणाले, "येऊ दे, तण तर मरते ना." जंगलाच्या कडेला शेत असेल तर एवढ्या मोठ्या चौकोनात धुरा कोणता आणि वणवा कोणता, हे ठिपक्यावरून सांगणं अवघड. उलट, झाडांच्या सावलीत सरपटत जाणारी पाल्याची आग, उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळेआधीच विझलेली, ठिपक्यात येतच नाही. ठिपके कमी झाले म्हणजे जळालेलं क्षेत्र कमी झालं, असं आपोआप होत नाही.

तिसरी अडचण : आग कमी झाली की शेजारी गेली? कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केलेल्या गावांत हा प्रश्न नेहमी विचारा. आपलं जंगल राखलं, पण गुरं आणि सरपणाची मोळी पलीकडच्या गावाच्या हद्दीतून यायला लागली, तर एकूण जंगलाला काय मिळालं? यशोगाथा लिहिणारा त्याच गावात जातो, जेवतो, परत येतो. शेजारच्या गावाला कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

चौथी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : हे दुसरीकडे जमेल का? पाचगावला तेंदू सोडणं परवडलं, कारण हातात बांबू होता. वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात आला, ग्रामसभेला तो विकता आला. गडचिरोलीत अनेक ग्रामसभा तेंदू सोडत नाहीत, उलट ठेकेदाराला बाजूला सारून स्वतः विकतात, आणि त्यावर कितीतरी घरांचं वर्ष चालतं. त्यांना 'पाचगावसारखं करा' म्हणणं सोपं नाही. आमच्या सिंदखेडराजा तालुक्यात तर बांबूचं जंगलच नाही. शिवाय बांबूला सामूहिक फुलोरा आला की तो वाळतो आणि मग सगळं जंगल जळणाच्या ढिगासारखं होतं. त्या वर्षी उत्पन्नही जातं आणि धोकाही वाढतो. नियम त्या वर्षी टिकतो का, हा खरा कस. यशोगाथा चांगल्या वर्षी लिहिली जाते.

झाडं वाढली, पण कोणासाठी?

आता तिसरा दावा, वन्यजीव परतले. इथे आपल्या सगळ्यांची एक सवय आडवी येते : झाडं म्हणजे अधिवास.

वन सर्वेक्षणाच्या अहवालात वनाच्छादनाची व्याख्या वाचा. किमान 1 हेक्टर जागा, झाडांच्या शेंड्यांची सावली 10 टक्के किंवा जास्त, मग मालकी कोणाचीही असो आणि जमिनीचा वापर कोणताही असो. म्हणजे वरुड-मोर्शीकडची संत्र्याची बागही यात बसू शकते. 10 टक्क्यांखालचं झुडपी रान वेगळ्या रकान्यात जातं, आणि निखळ गवताळ माळ वनाच्छादन म्हणून मोजलाच जात नाही. आकडा चुकीचा नाही, पण तो सावली मोजतो. रानपिंगळ्याला काय लागतं, ते मोजत नाही.

रानपिंगळ्याचंच उदाहरण घ्या. 1884 नंतर शंभरहून अधिक वर्षं या छोट्या घुबडाचा पत्ता नव्हता. 1997 मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, पुढे मेळघाटातही दिसला. त्याला हवीत कोरड्या पानझडी जंगलातली जुनी, ढोली असलेली झाडं. पाच वर्षांत लावलेल्या रोपांत ढोली नसते. राज्यात 2017 ते 2019 या तीन वर्षांत 50 कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं, त्यातली 33 कोटी एकट्या 2019 मध्ये. समजा त्यातली बरीच जगली, तरी रानपिंगळ्याला ती कामी यायला एक पिढी जावी लागेल. त्याउलट, एका वणव्यात आधीच पोकळ झालेलं झाड बुंध्यापाशी जळून कोसळलं तर त्याचं घर आज जातं. म्हणून या पक्ष्यासाठी नव्या लागवडीपेक्षा आग रोखणं जास्त तातडीचं, असं मला वाटतं.

पण हेच वाक्य तणमोरासाठी लिहिलं तर चूक होईल. अकोला-वाशिमच्या माळरानावर दिसलेला हा पक्षी आज जगभरात अतिसंकटग्रस्त आहे. त्याला उंच गवत हवं, झाडं नकोत. काळविटालाही उघडं रान हवं. आमच्या भागात 'पडीक' म्हणून खड्डे खणून रोपं लावली जाणारी जागा अनेकदा असाच माळ असतो. जागतिक पातळीवरही हा वाद झाला आहे. 2019 मध्ये सायन्स नियतकालिकात जगात अजून 90 कोटी हेक्टर झाडांचं आच्छादन वाढवता येईल असा निबंध आला, आणि काही महिन्यांतच त्याच नियतकालिकात इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की यात नैसर्गिक गवताळ प्रदेशही झाडांच्या नावावर धरले आहेत.

आगीचंही तसंच. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन टेकड्यांतले सोलिगा लोक पूर्वी हंगामाच्या सुरुवातीलाच हलकी पाल्याची आग लावत. ती बंद केल्यावर घाणेरीचं रान माजलं, असं त्यांचं म्हणणं, आणि संशोधकांनी ते गांभीर्यानं अभ्यासलं. म्हणजे 'शून्य आग' हे ध्येय सगळीकडे बरोबर असेलच असं नाही. कोणतं जंगल, कोणता जीव, वर्षाच्या कोणत्या वेळी, हे आधी लिहा.

आणि वाघाचं काय? टिपेश्वरहून निघालेला कॉलर लावलेला तरुण वाघ 2019 च्या शेवटी आमच्या जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याला 'वॉकर' म्हणून सगळे ओळखतात. तो वाटेत शेतांतून, नाल्यांतून, झुडपी रानांतून आला. त्याच्यासाठी एका गावाचं 1000 हेक्टर जंगल म्हणजे वाटेतला एक थांबा. त्यामुळे 'आमच्या जंगलात वाघ दिसला' हे वाक्य अधिवास सुधारल्याचा पुरावा म्हणून वापरताना जपून. तो फक्त जात असू शकतो.

मग अभ्यास कसा करायचा?

मी आज पुन्हा सुरुवात केली तर असं करेन. 2012 च्या आधीची वर्षं पकडण्यासाठी जळालेल्या क्षेत्राची 500 मीटरची मोडिसची माहिती 2000 पासून मिळते, तिथून सुरुवात. लँडसॅट 30 मीटरचं आहे, पण लँडसॅट 5 चं नेहमीचं काम 2011 च्या शेवटी थांबलं आणि लँडसॅट 7 च्या चित्रांत 2003 पासून पट्टे आहेत. नेमक्या हव्या त्या वर्षी चांगलं चित्र नाही. हे आराखड्यातच कबूल करा, मुलाखतीत कोणी विचारायच्या आधी. अलीकडच्या वर्षांसाठी सेंटिनेल-2 चं 10 मीटरचं चित्र घेऊन, जळालेल्या डागाच्या कडा स्वतः चालून तपासायच्या.

जमिनीवर रोपं मोजायची, पण लावलेली नव्हे, आपोआप उगवलेली. गुडघ्याएवढी किती, कमरेएवढी किती. दरवर्षी आग लागणाऱ्या जंगलात गुडघ्याएवढी भरपूर आणि कमरेएवढी जवळजवळ नाहीत असं दिसतं, कारण रोप मोठं व्हायच्या आत पुन्हा जळतं. हा एक तक्ता मला दहा यशोगाथांपेक्षा जास्त सांगतो.

आणि लोकांशी बोलताना 'तुम्ही आग लावता का?' असं कधीही विचारू नका. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. समोरचा माणूस 'नाही' म्हणेल, आणि 'हो' म्हणाला तर तुमची वही त्याच्याविरुद्धचा कागद होऊ शकते. 'मोहाखालची जागा कशी साफ करता? झाडून, की जाळी अंथरून?' असं विचारा. कामाबद्दल विचारलं की लोक सांगतात.

एक गोष्ट विसरू नका

एवढी चिकित्सा वाचून कोणी म्हणेल, म्हणजे ग्रामसभांना हक्क देऊन फायदा झाला हे सिद्धच नाही. थांबा. हा निष्कर्ष यातून निघत नाही. वनहक्क कायदा हा प्रयोग म्हणून आलेला नाही. पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्यांवर झालेला ऐतिहासिक अन्याय दुरुस्त करण्यासाठी तो आला, असं त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलंय. पाचगावचा हक्क माझ्या तक्त्यावर अवलंबून नाही, आणि नसावा.

पण नेमकं म्हणूनच अतिशयोक्ती धोक्याची आहे. आपण 'वणवे थांबले' असं लिहून मोकळे होतो. मग एखाद्या कोरड्या वर्षी मोठी आग लागते, आणि जंगल गावाकडे द्यायला आधीपासूनच विरोध असलेले लोक आपलंच वाक्य पुढे करून विचारतात, 'कुठे थांबले?' त्या वेळी ग्रामसभेच्या कामाला काही पडत नाही आपलं कौतुक. तिला लागतो असा हिशेब, ज्यात वाईट वर्षंही मोजलेली आहेत.

त्या मुलीला मी तिचं पहिलं वाक्य असं बदलून पाठवलं : 'ज्या गावांनी आग लावण्याचं एखादं आर्थिक कारण काढून टाकलं, तिथे शेजारच्या गावांच्या तुलनेत जळालेलं क्षेत्र कमी झालं का, आणि झालं असेल तर ते कोरड्या वर्षांतही टिकलं का?' तिचं उत्तर आलं, "ताई, पण हे तर प्रश्नचिन्ह आहे, आराखड्यात चालेल का?" चालेल. तुमच्या आराखड्यातही असा एक प्रश्न आहे का, तेवढं आज रात्री बघा. पुढच्या लेखात शेजारची तुलनेची गावं निवडायची कशी, ते सांगते.